अडकलेला बॉल जॉइंट आणि हातोड्याची घाई

माझा भाचा बडोद्याला असतो. गेल्या वर्षी त्याने आपल्या जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या सस्पेन्शनचं काम काढलं. दणकट शॉकअप घातले, लोअर आर्मचे बुश बदलले. "मामा, आता खड्डा कळतसुद्धा नाही!" असा खुशीचा फोनही आला.

चार महिन्यांनी, पाऊस संपता संपता, सोसायटीच्या गेटपाशी गाडी वळवताना खाडकन आवाज झाला आणि पुढचं डावं चाक आडवं झालं. वेग दहाच्या आत होता. शेजारी बसलेल्या माझ्या ताईला खरचटलंही नाही. पण अर्ध्या तासापूर्वी हीच गाडी हायवेवर ऐंशीने धावत होती, हे आठवलं की आजही तिचे हात गार पडतात.

दोष नव्या शॉकअपचा नव्हता. काम करताना जुना बॉल जॉइंट निघेना, म्हणून तो ठोकून काढला होता. त्यात त्याचं रबरी बूट फाटलं आणि तोच जॉइंट पुन्हा बसवला गेला. फाटक्या बुटातून पावसाचं पाणी आणि माती आत गेली, ग्रीस धुऊन गेलं आणि जॉइंट झिजत झिजत एके दिवशी सुटला. गाडी खडखडत होती, पण "खडखड तर होतीच" म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा प्रकार. वाटीत गोळा, भोवती ग्रीस आणि वरून रबरी बूट. चाक वळतं आणि वर-खाली होतं ते याच्या जोरावर. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. त्यात खालचा आर्म आणि चाक धरणारा नकल यांना जोडणारा हा एकच सांधा असतो. तो सुटला की चाकाला खालून धरणारं काही उरत नाही.

मग तो अडकतो का? जोडणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात जॉइंटची दांडी निमुळती असते आणि तशाच निमुळत्या भोकात नटाने ओढून बसवलेली असते. ती बाटलीच्या बुचासारखी घट्ट रुतते. दुसऱ्यात दांडी सरळ असते, नकलमधल्या चिरेत बसते आणि आडव्या बोल्टने आवळलेली असते. त्यात वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज साचतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत तर विचारू नका.

काढायची खरी रीत शांतपणाची आहे. आदल्या रात्री जोडावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता खाली घोडी लावायची. निमुळत्या दांडीचा नट ढिला करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. चार आटे अडकलेले राहिले, तर जोड सुटताना आर्म झटक्यात खाली येत नाही. मग पुलर लावून ताण द्यायचा आणि नकलच्या भोकाच्या कडेवर, बाजूने, हातोड्याचा एक-दोनदा नेमका ठोका द्यायचा. त्या धक्क्याने भोक क्षणभर किंचित वेडंवाकडं होतं आणि दांडी 'टक्' करून सुटते. दांडीच्या टोकावर मात्र कधीच मारायचं नाही. आटे चेपले की नट ना पुढे जातो ना मागे येतो.

आडव्या बोल्टचा प्रकार असेल, तर तो बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांडीवरच्या खाचेतून गेलेला असतो. नुसता ढिला करून वरून कितीही ठोका, जॉइंट हलणार नाही. बोल्ट काढल्यावर चिरेत छोटी पाचर घालून ती जेमतेम फाकवायची आणि पहारीने आर्म खाली दाबायचा. पाचर जास्त ठोकली तर नकलचा कान तडकतो आणि मोठा खर्च उभा राहतो.

दुकानात दोन बोटांसारखा लोखंडी काटा असतो. तो मध्ये घालून ठोकलं की जॉइंट पटकन निघतो, पण बूट बहुतेक वेळा फाटतंच. म्हणून काटा वापरायचा तो जॉइंट फेकूनच द्यायचा असेल तेव्हा. गॅसची ज्योत तर नकोच. रबर जळतं, ग्रीस जळतं आणि भाग ॲल्युमिनियमचा असेल तर त्याची ताकदही जाते.

हे सगळं तुम्ही स्वतः करावं असं मी म्हणणार नाही. अवजारं आणि अनुभव नसेल तर हे मेकॅनिकचंच काम. पण गाडी द्यायला जाल तेव्हा चार गोष्टी विचाराच.

१. जॉइंट पुलरने काढणार की ठोकून? ठोकावा लागला तर नवाच घाला, हे आधीच सांगून ठेवा.

२. बूट अखंड आहे का? चाक लावण्याआधी स्वतः वाकून पाहा, मोबाइलवर फोटो काढा.

३. नट कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळला का? स्प्लिट पिन असेल तर ती नवी हवी. पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे सैल करायचा नाही.

४. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळले का? आणि व्हील अलाइनमेंट झालं का?

आणखी एक. ताजे शॉकअप घालणं वेगळं आणि गाडीची मूळ रचना बदलणं वेगळं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांत मनाने बदल करता येत नाहीत. गाडी उंच करायचा बेत असेल तर आधी आरटीओत विचारा.

भाच्याने आता दोन्ही बाजूंचे आर्म नवे घातलेत. खड्ड्यात पुढून खडखड ऐकू आली की तो गाणी बंद करतो, काच खाली करतो आणि कान देतो. तुम्हीही येत्या रविवारी घरच्या गाडीपाशी जरा वाका. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडी बंद करून, टॉर्चच्या उजेडात चाकामागचं ते काळं रबर पाहा. भेग दिसली किंवा ग्रीस बाहेर आलेलं दिसलं, तर गावाला निघण्याआधी गॅरेज गाठा.