जुन्या गाडीत जुनी गाणी कशाला?

मंडळी, जुन्या मोटारीत जुनी गाणी लावून फिरायची जी टूम सध्या निघाली आहे, तिच्याविरुद्ध आज लिहिणार आहे. आधीच सांगून टाकतो, मला जुन्या गाड्या आवडतात आणि जुनी गाणी तर त्याहून आवडतात. दोन्ही आवडतात म्हणूनच लिहितो आहे. बासुंदी आवडते आणि पिठलेही आवडते, म्हणून कोणी बासुंदीत पिठले कालवत नाही.

निमित्त आमच्या भाच्याचे. त्याने पुण्यात दोन मित्रांबरोबर भागीत १९५१ सालची एमजी टीडी घेतली आहे. (आजच्या एमजीच्या मोटारींशी तिचा काही संबंध जोडू नका. नाव तेवढे तेच, मालक चिनी.) दोन माणसांची, उघडी, लांब मडगार्डांची, पाठीवर स्टेपनी लटकवलेली अशी ती इंग्रजी स्पोर्ट्स कार. गाडी देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. तर थंडीत कुठल्याशा रॅलीला ती न्यायची म्हणून त्याचा फोन आला, "मामा, तुमच्याकडे जुन्या गाण्यांचा साठा आहे. गाडीला शोभतील अशी वीस गाणी काढून द्या. सीटखाली ब्लूटूथचा डबा बसवतोय." सोबत त्याच्या मित्रांनी केलेली कच्ची यादी पाठवली. वाचून मी कपाळाला हात लावला. यादीत 'आराधना' होता, तो १९६९चा. 'अंदाज' होता, तो १९७१चा. 'मेरे सनम' १९६५चा. आणि गाडी १९५१ची!

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसले की सगळे हसतात. इथे वीस वर्षांचा घोळ आहे आणि कोणाला हसू येत नाही, कारण मागे पडले ते सगळे एकाच पोत्यात, त्याचे नाव 'रेट्रो'. इतिहास शिकवताना मला हाच अनुभव यायचा. मुलांच्या लेखी शिवाजी महाराज, पेशवे आणि लोकमान्य टिळक हे सगळे 'पूर्वी' होऊन गेले. पण मुले तेरा वर्षांची होती. ही मंडळी चाळिशीची आहेत, आणि गाडीच्या डॅशबोर्डावरचा एक स्क्रू मूळचा मिळावा म्हणून इंग्लंडला पत्रव्यवहार करणारी आहेत!

विसंगती इथेच आहे. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी पडते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे मूळपणासाठी कायदा, फी, खास नंबरप्लेट, सगळे आहे. आणि त्या मूळपणाच्या बुडाखाली ब्लूटूथचा डबा! डोळ्यांना अस्सल पाहिजे, कानांना काहीही चालते.

आता भाचा हुशार आहे. तो म्हणाला, "बरं, मग १९५१चीच द्या." ठीक. १९५१ म्हटले की 'अलबेला'. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, जन्म पुणतांब्याचा. दौंडहून मनमाडच्या गाडीत बसलात की पुणतांबे वाटेवरच लागते, तेव्हा आम्ही दौंडकर त्यांना आपलेच मानतो. चित्रपटाचा नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा, तेही मराठी. गोव्याचे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट आपल्या बँडसकट त्या चित्रपटात पडद्यावर दिसतात. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बोंगो, सगळा साज आहे. उघड्या स्पोर्ट्स कारला यापेक्षा शोभेसे आणखी काय हवे? शिवाय भगवानदादांना मोटारींचा भारी शौक. आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या त्यांच्याकडे होत्या, असे नेहमी सांगितले जाते. पुढे चित्रपट पडले, गाड्या गेल्या, जुहूचा बंगला गेला आणि २००२ साली दादरच्या चाळीत ते वारले. माणूस, साल, गाडी, गाणे, सगळे जुळते. तरीही मी म्हणतो, नको.

का, ते सांगतो. ते गाणे त्या काळी मोटारीत वाजत नव्हते. मोटारीत रेडिओ नव्हताच असे नाही. अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी १९३० मध्येच मोटारीतला रेडिओ विकायला काढला, 'मोटोरोला' हे नाव त्यातूनच आले. पण तो व्हॉल्व्हचा, बॅटरी खाणारा, महागडा प्रकार. एमजीसारख्या उघड्या गाडीत तो कारखान्यातून बसवून येत नसे. हवाच असेल तर वेगळे पैसे मोजायचे, आणि वर वाऱ्यात ऐकायचे काय? क्रायस्लर कंपनीने १९५६च्या मॉडेलांत चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवून पाहिला, मिनिटाला १६ पूर्णांक २/३ फेऱ्यांचा. तो चार-पाच वर्षांतच गुंडाळला. फिलिप्सची कॅसेट १९६३ची. मोटारीत बसून आपल्याला हवे ते गाणे हवे तेव्हा लावायचे ही चैन आपल्याकडे सर्रास झाली ती त्यानंतर, कॅसेटच्या जमान्यात. १९५१च्या गाडीवाल्याला ती स्वप्नातही नव्हती.

आणि समजा एखाद्या हौशी संस्थानिकाने गाडीत रेडिओ बसवलाच असता, तर १९५३ साली त्याला त्यावर काय ऐकू आले असते? १९५२च्या अखेरीपासून बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री होते. हिंदी चित्रपटसंगीताने कान बिघडतात असे त्यांचे ठाम मत, त्यामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती. लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि बिनाकाची गीतमाला घराघरात गेली. सिनेमाच्या गाण्यांना सरकारी दार पुन्हा उघडले ते विविध भारतीच्या रूपाने, ३ ऑक्टोबर १९५७ला. पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ला. तेव्हा भाच्याला 'काळाशी इमान' राखायचेच असेल तर त्याने त्या डब्यावर शास्त्रीय गायन, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम आणि बातम्या लावाव्यात. रॅलीत बक्षीस मिळेल का, ते मला सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर शब्दांचा कीस पाडताहेत. लोकांना मजा हवी, द्या की. माझा खरा मुद्दा तर अजून पुढेच आहे.

त्या गाडीला तिचा स्वतःचा आवाज आहे. १२५० सीसीचे, ५४ हॉर्सपॉवरचे इंजिन. आज शाळेच्या दारात उभी असलेली साधी मोटारही याहून ताकदवान असते. चार गिअर, त्यातल्या पहिल्याला सिंक्रोमेश नाही. म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा, मधे ॲक्सिलरेटरला हलकासा झटका द्यायचा आणि इंजिनचा आवाज नेमका पट्टीत आला की गिअर सरकवायचा. आवाज ऐकला नाही तर खर्रर्र! हे कानाचे काम आहे. आमच्या दौंडात वाफेची इंजिने होती तेव्हाचे ड्रायव्हर-फायरमन ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगावे लागणार नाही. धापेवरून ते चढ ओळखत, शिट्टीवरून घरातली माणसे "आले गं" म्हणून चुलीवर आधण ठेवत. यंत्र चालवणारा माणूस यंत्राचे ऐकत असे. १९५१ सालच्या गाडीचे १९५१ सालचे संगीत कोणते, असे मला कोणी विचारलेच तर माझे उत्तर हे. ते बॉनेटखाली आहे, सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी मोठ्या खर्चाने पुन्हा सुरात आणले आहे, आणि तुम्ही त्यावर पेन ड्राइव्हचे बोळे कोंबता आहात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

व्यवहाराचीही एक गोष्ट आहे, ती गाडीवाल्यांनी तरी ऐकावी. या टीडीची वीजव्यवस्था १२ व्होल्टची आहे, पण उलटी, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले. आजची सगळी उपकरणे ऋण टोक बॉडीला धरून बनवलेली. अशा उपकरणाचा धातूचा भाग चासीला टेकला तर ठिणगी आणि धूर. बरे, डायनामोही जुना. गाडी सिग्नलला उभी राहिली की तो जवळपास काहीच चार्ज करत नाही. रात्री दिवे लावून, वर डबा वाजवत रॅलीच्या रांगेत अर्धा तास खोळंबलात तर पुढची वाटचाल मित्रांच्या खांद्यावर.

आता विरुद्ध बाजू. भाच्याने एक पत्ता चांगला टाकला, कबूल करतो. म्हणाला, "मामा, 'चलती का नाम गाडी'चं काय? गाडी १९२८ची शेव्हरोले, पिक्चर १९५८चा. तीस वर्षांचा फरक. तेव्हा कोणी बोललं नाही?" नाही बोलले. कारण सचिनदेव बर्मनांनी ती गाणी १९५८च्या माणसांसाठी केली होती. 'ही या गाडीच्या काळची बरं का' असा आव कोणी आणला नव्हता. आणि त्यातले गॅरेजमधले पावसाच्या रात्रीचे गाणे आठवा. किशोरकुमार पान्याने गाडीवर ठोकून ताल धरतो. तिथे गाणे गाडीतून निघते, तिच्यावर चिकटवलेले नाही. तसे कोणी करणार असेल तर मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवीन.

माझे भांडण खरे तर गाडीसाठी जेवढे आहे त्याहून गाण्यासाठी जास्त आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक गीत, वर्षभरात छप्पन्न. त्या वेळी लोक कसे ऐकत ते मी थोरांकडून शंभरदा ऐकले आहे. रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर शेजारपाजार जमे. तेवढा वेळ दुसरे काम बंद. आमच्या लहानपणी बुधवारी रात्री गीतमाला ऐकायला हॉटेलाबाहेर रस्त्यावर माणसे उभी असत, चहा न घेता, आणि मालक हाकलत नसे. गाणे हे 'ऐकायचे' असे. तीन मिनिटांची तबकडी, कारण एका बाजूला मावत तेवढेच. त्या तीन मिनिटांत चितळकर काय काय करून गेले! आणि आता तेच गाणे इंजिनाची घरघर, वारा, ट्रकचे हॉर्न आणि ड्रोनचा व्हिडिओ यांच्याखाली पसरायचे सतरंजीसारखे. व्हिडिओ काढला की ज्याला ते गाणे पहिल्यांदा ऐकू येते त्या पोराला ते गाडीच्या जाहिरातीचे वाटते. पुढे आयुष्यभर त्याच्या डोक्यात ते तसेच राहणार. चुकीचे धडे एकदा पाठ झाले की पुसणे किती कठीण, हे मला विचारा.

म्हणून भाच्याला मी यादी दिली नाही, वेळापत्रक दिले. कुरकुंभ ते दौंड नऊ-दहा किलोमीटर आहे. तेवढे गुपचूप चालवायचे, गाडीचे ऐकत. चौफुल्याला थांबलात तर इंजिन बंद करा, झाडाखाली बसा आणि मग मोबाइलवर 'अलबेला'तले एक गाणे लावा. एकच. ते संपेपर्यंत बोलायचे नाही. मग चहा, मग पुढे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर पोचलात तर तिथे काहीच लावू नका, पक्षी आहेत. त्याला हे फार कडक वाटले. "मामा, रॅली आहे, विपश्यना नाही," असे म्हणाला. म्हणू दे.

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक गाडी बाहेर निघते. तिच्याकडे बघायला माणसे लोटतात. ती गाडी नुसती येते तेव्हाच गर्दी सरसावते. तिच्यात बॉलिवूडची गाणी वाजवावीत असे अजून कोणाला सुचलेले नाही, आणि कृपा करून कोणी सुचवूही नये.

जाता जाता, नाशिकच्या पुतणीने निरोपात विचारले आहे की लग्नाच्या वरातीला अशी गाडी भाड्याने सांगितली तर गाणी चालतील का. धंद्यासाठी व्हीए नंबरची गाडी चालत नाही, ते आधी पाहा. गाडी ओळखीतल्याची, बिनभाड्याची असेल तर गाणी खुशाल चालतील, कारण वरातीत बँड गाडीच्या बाहेर असतो, पायी चालतो आणि फुंकणाऱ्याच्या छातीतून वाजतो. ट्रंपेटवाला बरा असेल तर त्याला चितळकरांची एखादी चाल जरूर सांगा. बिदागी मात्र आधी ठरवून घ्या.