रकाने कोणी निवडले?

हैदराबादचा सुलतान बाजार १९३३ पर्यंत ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीत होता. निजामाचा हुकूम तिथे थेट चालत नसे. म्हणूनच १८९२ मध्ये आर्य समाजाने आणि १९०१ मध्ये तेलुगू ग्रंथालयाने तिथे मूळ धरले. सत्तेला ‘का?’ विचारण्याची सवय हैदराबादला लावण्यात या गल्ल्यांचा वाटा मोठा. आज इथल्या शिकलेल्या घरांतली मुले माधापूरच्या संगणक कंपन्यांत जाऊन डेटावरून भाकिते करतात. त्या भाकितांना ‘का?’ कोण विचारतो?

तेलंगण सरकारच्या ‘समग्र वेदिका’ या संगणक प्रणालीने तीसेक खात्यांच्या नोंदी जुळवून गरीब कोण ते ठरवायला घेतले. २०१४ ते २०१९ या काळात राज्यात अठरा लाखांवर शिधापत्रिका रद्द झाल्या. सायकलरिक्षा ओढणाऱ्या एका माणसाच्या नावावर मोटार चढली, कारण मोटारमालकाचे नाव त्याच्यासारखे होते. घरचे धान्य बंद! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द पत्रिकांच्या प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश दिला. त्याच वर्षी जुलैपर्यंत पडताळणीसाठी आलेल्यांपैकी २,०५,७३४ अर्ज तपासले, त्यांतले १५,४७१ पात्र निघाले.

‘एवढ्या मोठ्या कामात साडेसात टक्के चालायचेच,’ असे म्हणणारे आपल्याच ओट्यावर बसलेले असतात. तुमचे बँक खाते त्या टक्क्यांत गेले तर?

भाकिताची शिकवणी अमीरपेठेत गल्लोगल्ली मिळते. माहितीचे शंभर रकाने ओता, ते एकेक करून चाळणारे ‘स्टेपवाइज’ दाबा, उरतील ते खरे. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८३ मध्येच दाखवले होते, की शंभर नोंदींपुढे पन्नास निव्वळ निरर्थक चले ठेवून चाळणी लावली, तरी त्यांतली काही ‘महत्त्वाची’ ठरतात. ‘लासो’ ही रकाने निवडण्याची दुसरी पद्धत त्याहून शिस्तीची. बाजूला ठेवलेल्या नोंदींवर पारखण्याची रीतही चांगली. पण जो रकाना नोंदवलाच नाही, तो कुठली पद्धत निवडणार? भुकेचा रकाना कोणत्या खात्याकडे असतो?

आणि यंत्राला तरी एकट्याला का झोडावे? खोली भाड्याने देताना आपण आडनाव विचारतो, स्थळ पाहताना जात, नोकरी देताना वस्ती. माणूस न पाहता दोन-तीन रकान्यांवर त्याचा निकाल लावणे ही आपली जुनी विद्या. मुलांनी ती फक्त संगणकात उतरवली, आणि आता ‘सिस्टिमने ठरवले’ म्हणून आपण हात झटकतो. हेही एक सोवळेच!

पत्रिका कापण्याआधी त्या घरी नोटीस गेली पाहिजे, माणूस गेला पाहिजे, आणि कोणते रकाने वापरले ते रेशन दुकानाच्या फळ्यावर लागले पाहिजे. हे मागायला सुलतान बाजारातून किती जण उठतील?