खापर इंजिनाच्या माथी

मोटोक्रॉसची ४५० सीसीची एक-सिलिंडर गाडी घ्यायची, तिला १७ इंची चाके चढवायची आणि डांबरी ट्रॅकवर सोडायची, हा उद्योग ब्रिटन-अमेरिकेतल्या हौशी रेसरांचा जुनाच. गाडी हलकी, खर्च बेताचा, गंमत भरपूर. मात्र भर वळणात गाडी पुरती कलली की पुढचे चाक थरथरू लागते. यालाच चॅटर म्हणतात. मग गॅरेजमध्ये निदान ठरलेलेच : एकच सिलिंडर आहे, धडधडणारच!

हे निदान साध्या हिशेबापुढे टिकत नाही. चॅटरमध्ये चाक सेकंदाला साधारण १७ ते २२ वेळा उसळते. चार-स्ट्रोक इंजिनात स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा होतो. म्हणजे सेकंदाला २० स्फोटांसाठी इंजिन अवघ्या २,४०० आरपीएमवर हवे. शर्यतीत इतक्या खाली कोण चालवतो? ९,००० वर हेच स्फोट ७५ होतात, आणि पिस्टनची धडधड सेकंदाला १५०. त्या धडधडीने हात बधिर होतात, वेल्डिंगला तडे जातात, ते खरे. डुकाटीने १९९३ च्या सुपरमोनो या एक-सिलिंडर रेसगाडीत ती मारायला चक्क एक खोटा कनेक्टिंग रॉड बसवला होता. पण चॅटरशी तिचा संबंध नाही. २०१२ मध्ये रेसर केसी स्टोनरने चॅटरची तक्रार केली ती होंडाच्या चार सिलिंडरच्या मोटोजीपी गाडीबद्दल.

दुखणे आहे टायर आणि फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे सस्पेन्शन, यांच्या मध्ये. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच. तिला आवरायला रबराच्या अंगच्या जेमतेम डॅम्पिंगखेरीज, म्हणजे उसळी जिरवण्याच्या गुणाखेरीज, काही नाही. गाडी कललेली असताना रस्त्याचा धक्का फोर्कच्या रेषेत येत नाही, त्याच्या नळ्यांना आडवा वाकवतो. नळ्या बुशात (त्यांना आधार देणाऱ्या कड्यात) आवळल्या जातात, फोर्क सरकेनासा होतो आणि चाक, डिस्क, फोर्कचा खालचा भाग असा सगळा ऐवज टायरवर नाचू लागतो. अशा वेळी डॅम्पिंगचे स्क्रू पिळत बसणाऱ्यांची कीव येते. फोर्कमधले तेल हललेच नाही, तर ते रोखणार काय?

रूपांतर केलेल्या गाडीत याला खतपाणीच मिळते. मोटोक्रॉसचा फोर्क ३०० मिलिमीटरच्या चालीसाठी, उडीवरून उतरण्यासाठी बनलेला. त्यात स्पेसर घालून चाल १२० च्या आसपास आणतात. व्हॉल्व्ह आणि मऊ स्प्रिंगा मात्र कित्येकदा जुन्याच राहतात. वर सुपरमोटोची (डांबर-मातीच्या शर्यतींसाठीची) ३२० मिलिमीटरची जड ब्रेक-डिस्क, आणि ६०० सीसीच्या गाडीसाठी बनलेला रुंद टायर, जो या हलक्या गाडीखाली धड तापतही नाही.

उपाय फुकटापासून सुरू करावा. एक्सलचा नट आवळा, पण फोर्कच्या तळाचे पिंच बोल्ट सैलच ठेवा. चाक जमिनीवर टेकवा, पुढचा ब्रेक दाबून फोर्क पाच-सहा वेळा खालीवर करा, फोर्कचा पाय एक्सलवर आपोआप जागा घेईल. मग बोल्ट आवळा. कित्येक फोर्क निव्वळ या घाईपायी तिरके बसलेले असतात. त्यानंतर हेड बेअरिंग, सील, बुश; मग टायरची हवा, एका वेळी थोडीच बदलून. हलके चाक, अरुंद टायर आणि वजनाला साजेशा स्प्रिंगा हा पुढचा, खिशाला लागणारा टप्पा. डॅम्पिंगची पाळी सर्वांत शेवटी.

चाकणला बनणारी केटीएम आरसी ३९० तयार करून कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला उतरणारी मुले आपल्याकडेही आहेत. तिचा फोर्क मोटोक्रॉसचा नाही, एवढा एक ताप कमी; बाकी हिशेब तोच. तेव्हा मंडळी, महागड्या फोर्क-किटची ऑर्डर देण्याआधी एकदा पाना घेऊन ते पिंच बोल्ट सैल करून पाहाच.