बराक क्रमांक बारा आणि बाकीच्या बराकी

परदेशी गेलेल्या आरोपीला स्वदेशी आणण्याचा प्रश्न निघाला, की आपल्याकडे एक ठराविक संताप उसळतो. बँकांना कोट्यवधी रुपयांना बुडविल्याचा आरोप असलेल्या गृहस्थांनी लंडनमध्ये बसून भारतीय तुरुंगातील उजेड, हवा आणि शौचालय यांची तक्रार करावी, आणि तेथील न्यायासनाने ती गंभीरपणे ऐकून घ्यावी, हे सामान्य खातेदाराला असह्य वाटते. हा संताप समजण्याजोगा आहे. परंतु त्याचा रोख चुकीच्या दिशेला आहे.

प्रथम तत्त्व पाहू. अमेरिकेत देहान्ताच्या शिक्षेची वर्षानुवर्षे वाट पाहत कोठडीत राहावे लागणे ही अमानुष वागणूक ठरेल, म्हणून सोरिंग या आरोपीला ब्रिटनने त्या देशाच्या हवाली करू नये, असा निर्णय युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९८९ साली दिला. आपल्या हातातील माणसाचा पुढे छळ होण्याचा खरा धोका दिसत असूनही त्याला धाडणारे राष्ट्र त्या छळाच्या दोषातून मुक्त होत नाही, हे त्या निर्णयाचे सार. ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्याने ही तपासणी न्यायाधीशाचे कर्तव्यच ठरविली.

या तपासणीत भारत नेहमीच हरला, असे मात्र नाही. विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक बाराचे चित्रीकरण न्यायालयाने मागविले, आणि ते पाहून डिसेंबर २०१८ मध्ये प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल दिला. नीरव मोदी यांचा तुरुंगाविषयीचा आक्षेपही २०२१ मध्ये फेटाळला गेला. क्रिकेटमधील सामनानिश्चितीच्या प्रकरणातील संजीव चावला याला तिहारमधील परिस्थितीमुळे पाठविण्यास २०१७ साली नकार मिळाला होता; भारताने तपशीलवार हमी दिल्यावर वरिष्ठ न्यायालयाचे समाधान झाले आणि २०२० मध्ये तो दिल्लीत आणला गेला. उलट, पुरुलिया शस्त्रवर्षाव प्रकरणातील नील्स होल्क याला पाठविण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०२४ मध्येही नकार दिला, आणि शस्त्रव्यवहारातील मध्यस्थ संजय भंडारी याला लंडनच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मोकळे केले. तिहारमध्ये त्याच्यावर खंडणीसाठी जबरदस्ती व हिंसा होण्याचा खरा धोका आहे, असे त्या न्यायालयास वाटले.

यात जुन्या राज्यकर्त्यांचा ताठा शोधणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२३ साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथील न्यायालयाने एका आरोपीला ब्रिटनच्याच ताब्यात देण्याचे नाकारले, आणि कारण होते ब्रिटिश तुरुंगांची दुरवस्था. म्हणजे ज्या मापाने ब्रिटन आपल्याला मोजतो, त्याच मापाने तोही मोजला जातो.

तेव्हा प्रश्न लंडनच्या न्यायाधीशाचा नाही, आपल्या तुरुंगांचा आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत ४,३६,२६६ कैद्यांची सोय होती आणि प्रत्यक्षात ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांपैकी सुमारे तिघांचा अपराध कोणत्याही न्यायालयाने सिद्ध मानलेला नव्हता. मेहुल चोक्सी यांच्यासाठी २०२५ मध्ये भारताने बेल्जियमला हमी दिली ती बराक बाराचीच, आणि त्यात माणशी किमान तीन चौरस मीटर मोकळ्या जागेचे वचन होते. ही हमी देणे योग्यच होते. परंतु त्याच तुरुंगाच्या इतर बराकींत दाटीवाटीने पडलेल्या, जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्याला ती कोण देणार? परदेशी न्यायालयासमोर जे मान्य करावयास आपल्याला कमीपणा वाटत नाही, ते आपल्याच नागरिकाला देताना जागा आणि पैसा यांची अडचण आठवावी, हा न्याय नव्हे.

सुनील बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितले, की तुरुंगाच्या दाराशी मूलभूत हक्क संपत नाहीत. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन अद्याप दिलेले नाही. २०१० साली लोकसभेने संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक पुढे कालबाह्य झाले, आणि कराराला अनुसमर्थन द्यावे ही विधी आयोगाची २०१७ ची शिफारसही तशीच राहिली. प्रत्येक प्रत्यार्पणाच्या खटल्यात ही उणीव आरोपीच्या वकिलाच्या हाती आयते शस्त्र देते.

हे शस्त्र काढून घ्यावयाचे असेल, तर करार मान्य करावा, छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवावे, आणि कच्च्या कैद्यांच्या जामिनाची अर्जप्रकरणे तातडीने निकालात काढावीत. पळालेला धनिक परत येईल की नाही, हे अखेर परदेशी न्यायालय ठरवील. आपल्या तुरुंगांत माणसाने कसे राहावे, हे मात्र आपणच ठरवावयाचे आहे. आणि तेथे आज जो गरीब आहे, त्याची दाद लागण्यासाठी त्याला आधी लंडनला जावे लागू नये.