मुलाची पहिली रायफल: अमेरिकेतला वाद आणि त्यामागचं तंत्र नीट समजून घ्या

आपल्याकडे दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी पहिला फोन घ्यायचा असेल तर घरात काय चर्चा होते? बजेट किती, टिकेल का, पडला तर फुटेल का, लॉक कसं लावायचं. अमेरिकेतल्या ग्रामीण भागात असंख्य घरांमध्ये हीच चर्चा आणखी एका वस्तूबद्दल होते. ती वस्तू म्हणजे शिकारीची पहिली रायफल.

ऐकायला विचित्र वाटतं, पण तिथे हे कायदेशीर आहे, अनेक राज्यांत नेहमीचं आहे, आणि गेल्या काही वर्षांत यावरून कोर्टकचेऱ्याही सुरू आहेत. हे वेड आहे की परंपरा, यावर लगेच मत बनवण्याआधी ही खरेदी नेमकी कशी होते ते बघूया.

मुलांची रायफल वेगळी असते का?

हो. पहिला फरक मापाचा. बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकतो, तिथपासून ट्रिगरपर्यंतच्या अंतराला 'लेंग्थ ऑफ पुल' म्हणतात. मोठ्यांच्या रायफलमध्ये हे अंतर साधारण साडेतेरा इंच असतं. मुलांच्या रायफलमध्ये ते साडेअकरा इंचांच्या आसपास ठेवतात. शर्टाच्या बाहीसारखंच आहे हे. बाही लांब झाली की हात अडकतो, दस्ता लांब झाला की मूल मागे वाकून कसरत करत नेम धरतं, आणि नळीचं टोक भलतीकडे जातं.

दुसरा फरक वजनाचा. 'क्रिकेट' किंवा 'सॅव्हेज रास्कल' ही या वर्गातली ओळखीची मॉडेल्स. दोन्हींचं वजन सव्वा ते दीड किलोच्या घरात आणि किंमत साधारण 150 ते 250 डॉलर. म्हणजे चांगल्या बजेट फोनएवढीच.

तिसरा फरक यंत्रणेचा. या रायफली 'सिंगल शॉट' असतात. एक काडतूस भरायचं, एक गोळी झाडायची, मग बोल्ट मागे ओढून पुन्हा भरायचं. क्रिकेटमध्ये तर काडतूस भरल्यावरही मागची खुंटी हाताने ओढावी लागते, तेव्हाच ती झाडायला तयार होते. हा संथपणा मुद्दाम ठेवलेला आहे. प्रत्येक गोळीआधी मुलाला थांबावं लागतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला बघायला वेळ मिळतो.

.22 म्हणजे 'छोटी' गोळी, पण किती छोटी?

या रायफलींत .22 लाँग रायफल हे काडतूस वापरतात. ते 1887 पासून बाजारात आहे. स्वस्त आहे, आवाज कमी, खांद्याला धक्का जवळपास नाहीच. खार आणि सशाच्या शिकारीसाठी आणि नेमाच्या सरावासाठी ते चालतं. हरणासाठी मात्र बहुतेक राज्यांत त्याला परवानगी नाही, कारण जनावर जखमी होऊन पळतं आणि तडफडत मरतं. हरणाच्या शिकारीला मूल तयार झालं की पालक .243 विंचेस्टरसारख्या मोठ्या काडतुसाकडे वळतात.

आता जरा आकडे बघा. भारतात 20 जूलपर्यंतच्या ताकदीची, 4.5 मिलिमीटर बोअरची एअर रायफल शस्त्र परवान्याशिवाय घेता येते. .22 च्या गोळीची ऊर्जा साधारण 170 जूल, म्हणजे त्या मर्यादेच्या आठपट. .243 ची ऊर्जा अडीच हजार जूलच्या आसपास. .22 ची गोळी दीड मैल, म्हणजे दोन किलोमीटरहून जास्त लांब जाऊ शकते. थोडक्यात, 'मुलांची रायफल' यातला 'मुलांची' हा शब्द फक्त दस्त्याला लागू होतो. गोळी मोठ्यांचीच असते.

टिकाऊपणा: फायदा की अडचण?

फोन चार-पाच वर्षांत जुना होतो. पोलादी नळी आणि साधा बोल्ट असलेली रायफल थोडं तेलपाणी केलं तर पन्नास-साठ वर्षं सहज चालते. म्हणूनच आजोबांची रायफल नातवाकडे येते. चाणाक्ष पालक आणखी एक युक्ती करतात. दस्त्यात 'स्पेसर' नावाच्या पट्ट्या बसवता येतील असं मॉडेल घेतात. मूल वाढलं की एक पट्टी वाढवायची. दर दोन वर्षांनी नवी खरेदी नको.

पण याच टिकाऊपणाची दुसरी बाजू आहे. ही वस्तू कधी 'आउटडेटेड' होत नाही. तिला पासवर्ड नाही, अपडेट नाही, लांबून बंद करायची सोय नाही. मुलाची आवड दोन वर्षांत संपली तरी ती कपाटात तशीच तयार असते, पुढच्या लहान भावंडासाठीही.

2013 मध्ये केंटकी राज्यात हेच घडलं. पाच वर्षांच्या मुलाला भेट मिळालेली क्रिकेट रायफल घराच्या कोपऱ्यात उभी होती. आत एक काडतूस राहिलंय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या मुलाच्या हातून गोळी सुटली आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. रायफलमध्ये बिघाड नव्हता. ती जशी चालायला हवी तशीच चालली.

कंपन्यांवर लगाम कुणाचा?

टेक वाचणाऱ्यांना इथे खरा धक्का बसेल. 2016 मध्ये गॅलेक्सी नोट 7 च्या बॅटऱ्या पेटू लागल्या, तेव्हा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तो फोन अधिकृतपणे परत मागवला. खेळण्यातल्या बंदुकीलाही तिथे नियम आहेत, खरीशी गल्लत होऊ नये म्हणून तिच्या टोकाला नारिंगी रंग लागतो. पण खऱ्या बंदुकांवर या आयोगाचा अधिकार चालत नाही. अमेरिकी संसदेने 1970 च्या दशकातच त्यांना त्याच्या कक्षेबाहेर ठेवलं. एखाद्या मॉडेलमध्ये दोष निघाला तर ते परत मागवायचं की नाही, हे मुख्यतः कंपनीच ठरवते.

त्यामुळे सगळी लढाई जाहिरातींवर आली आहे. जानेवारी 2022 मध्ये एका कंपनीने 'जेआर-15' नावाची रायफल आणली. दिसायला वादग्रस्त एआर-15 सारखी, पण लहान आणि सुमारे एक किलोची. ती .22 चीच, पण सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे दर वेळी ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते, मध्ये बोल्ट ओढून पुन्हा भरावं लागत नाही. वर सांगितलेला मुद्दामचा संथपणा इथे गायब. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अल्पवयीनांना आकर्षित करणाऱ्या बंदुकीच्या जाहिरातींवर बंदी घातली. 2023 मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात असण्याची शक्यता आहे. इलिनॉय राज्यानेही 2023 मध्ये तसाच कायदा केला.

मग सरकारं मुलांना शिकारीला का बोलावतात?

कारण पैसा आणि जंगल, दोन्ही. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफल आणि काडतुसांवर 11 टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. शिकारीच्या लायसन्सची फीही तिथेच. सरकारी सर्वेक्षणानुसार शिकाऱ्यांची संख्या 1991 मध्ये 1 कोटी 41 लाख होती, ती 2016 मध्ये 1 कोटी 15 लाखांवर आली. जुने शिकारी म्हातारे होतायत, नवे आले नाहीत तर जंगलाचा निधी आटणार. म्हणून अनेक राज्यांनी अनुभवी माणसासोबत शिकार करणाऱ्या मुलांसाठी वयाची अट सैल केली. विस्कॉन्सिनने तर 2017 मध्ये किमान वयच काढून टाकलं.

जबाबदारी कुणाची?

संघीय कायद्यानुसार दुकानदार 18 वर्षांखालच्या मुलाला रायफल विकू शकत नाही. पण पालक विकत घेऊन देऊ शकतात. म्हणजे सगळा भार पालकांवर. आणि आता कोर्टंही ते गंभीरपणे घेतायत. 2021 मध्ये मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने गोळीबार करून चार मुलांचा जीव घेतला. त्याने वापरलेलं पिस्तूल वडिलांनी काही दिवस आधीच त्याच्यासाठी घेतलं होतं. 2024 मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी मिशिगनमध्ये मुलं असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं झालं.

म्हणून 'टिकाऊ आणि परवडणारी' रायफल निवडताना किमतीत तिजोरीचे पैसे धरायलाच हवेत. 200 डॉलरची रायफल आणि कुलूप शून्य, हा सौदा स्वस्त नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स' सांगते ते सोपं आहे: बंदूक रिकामी, कुलपात, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. अमेरिकेत 1 ते 19 वयोगटात मृत्यूचं सर्वात मोठं कारण 2020 पासून बंदूक आहे. या आकड्यापुढे 'आम्ही मुलाला नीट शिकवलंय' एवढं उत्तर पुरत नाही.

आपला काय संबंध?

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकार बंद आहे, आणि 21 वर्षांखाली शस्त्र परवाना मिळत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणाला मात्र अटींसह मुभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते याच .22 काडतुसावर. काडतूस एकच, पण इथे ते रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि नोंदीत राहतं. मुलाच्या खोलीत नाही.

आणि तुमची ताई किंवा मामा अमेरिकेत राहत असतील, तर त्यांना हा लेख पाठवा. मुलं मित्राकडे खेळायला जाण्याआधी एक प्रश्न विचारायला सांगा: "तुमच्या घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?" आपल्याला असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल. पण तिथले डॉक्टर हा प्रश्न विचारायलाच सांगतात. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे सांगताना आपण लाजतो का? तसंच हे.