मारणारे चाळीस, साक्षीदार एकही नाही



गेल्या पावसाळ्यात यशवंतपूरच्या फलाटावर मोबाईल चोरताना एक जण रंगेहाथ सापडला. गाडीतले आणि फलाटावरचे मिळून चाळीसेक लोक त्याच्यावर तुटून पडले. पार्सल ऑफिसातील आपल्या दोन सभासदांनी व एका पॉईंट्समनने त्याला कसेबसे गर्दीतून ओढून काढले आणि रेल्वे पोलिसांच्या ताब्यात दिले. त्या झटापटीत एका सभासदाचा शर्ट फाटला, दुसऱ्याला पाठीत चार गुद्दे बसले. तो माणूस खरोखरच चोर होता, हे आम्ही मुद्दाम लिहितो. निरपराध माणसाला वाचविले असते तर प्रश्नच आला नसता.

तीन आठवड्यांनी तोच माणूस त्याच फलाटावर फिरताना दिसला. शाखेच्या सभेत मग सवाल आला, "सेक्रेटरीसाहेब, त्याला वाचवून आपण मिळविले काय? दोन हाडे मोडली असती तर पुन्हा आला असता का?" सभेत टाळ्याही पडल्या. त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा अग्रलेख.

लोकांनी कायदा हातात घेतला तर न्याय होतो का? होतो म्हणणाऱ्यांकडे एक मोठे उदाहरण आहे, आणि ते आपल्या नागपूरचे आहे. कस्तुरबा नगरच्या गरीब वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा वर्षांहून अधिक काळ खंडणी, बलात्कार, खून असा हैदोस घातला होता. बायका तक्रार घेऊन जात आणि हात हलवीत परत येत. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला न्यायालयात आणले असताना वस्तीतल्या बायका मिरचीपूड आणि सुऱ्या घेऊन आत शिरल्या व त्याला तेथेच ठार केले. अटक सुरू झाली तेव्हा वस्तीतल्या बायका म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच धरा. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांना दोष देण्याची आमची छाती नाही. ज्यांच्यासाठी पोलीस ठाण्याचे दार बंद होते, त्यांना शहाणपण कोणी शिकवावे?

परंतु त्या बायका त्या माणसाला वर्षानुवर्षे ओळखत होत्या. झुंडीला बहुतेक वेळा समोरचा कोण हेच ठाऊक नसते. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मोबाईलवर फिरणाऱ्या एका अफवेपलीकडे त्यांच्याविरुद्ध काही नव्हते. सात जणांना जन्मठेप झाली ती २०२४ साली. गेलेले पाच जण काही परत आले नाहीत.

आणि हे फक्त खेड्यात घडते असे समजू नये. त्याच वर्षी मे महिन्यात याच बेंगळुरू शहरात, चामराजपेठेत, कामाच्या शोधात राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला अशाच अफवेवरून बांधून, फरफटत नेऊन मारले. अनोळखी चेहरा, वेगळी बोली, एवढाच त्याचा गुन्हा. मिरज, सोलापूर, बेळगावकडून बदलीवर आलेल्या आपल्या माणसांनी हे विसरू नये. झुंड जमली की परका कोण ठरेल, ते आपल्या हातात नसते.

रेल्वेवाल्याला तर हा अनुभव पाठ आहे. २ जानेवारी २०१५ रोजी पेंटोग्राफ बिघडून लोकल रखडल्या आणि दिव्याला प्रवाशांचा उद्रेक झाला. प्रवाशांचा राग खोटा नव्हता, पण मार कोणाला बसला? मोटरमनला! जणू पेंटोग्राफ त्यानेच मोडला होता.

दुसरीही एक गोष्ट आहे. १९७४ च्या संपात शिस्त व अपील नियमांतील नियम १४ (दोन) वापरून चौकशीशिवाय माणसे घरी पाठविली गेली. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, बाजू मांडायला एक दिवसही नाही. टपालातील बंधूंच्या १९६५ च्या नियमांत तीच तरतूद नियम १९ मध्ये आहे. 'आधी चौकशी करा, मग शिक्षा द्या' असे आपण साहेबाच्या टेबलावर मूठ आपटून सांगत आलो आहोत. तीच मागणी फलाटावर सोडून द्यायची कशी?

आता सभेतल्या सवालाकडे येऊ. तो चोर सुटला कशामुळे? आम्ही जाऊन विचारपूस केली. ज्याचा मोबाईल होता तो वस्तू परत मिळताच गाडीत बसून निघून गेला. मारणाऱ्या चाळीस जणांपैकी एकानेही जबाब दिला नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्या तिघांनीही ड्यूटीचे कारण सांगून सही टाळली. मग कोर्टापुढे उभे राहणार काय? तक्रारीसाठी प्रवाशाला प्रवास मोडावा लागत नाही, फॉर्म टीटीई किंवा गार्डकडे मिळतो, हेही तिथे कोणी त्याला सांगितले नाही. ते सांगायला आपणच हवे होतो.

सही का टाळली, याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. कोर्टाची तारीख म्हणजे एक रजा गेली, वर सुपरवायझरचे टोमणे. म्हणून शाखेने दोन गोष्टी ठरविल्या आहेत. फलाटावर कोणी पकडला गेला तर हजर असलेल्या सभासदांपैकी दोघांनी साक्षीदार म्हणून नाव द्यायचे. आणि अशा साक्षीला जाणाऱ्याचा दिवस ड्यूटी म्हणून धरावा, हा विषय पुढच्या पीएनएम बैठकीच्या यादीत घालायचा. त्या तिघांनी पहिली दोन नावे स्वतःची दिली आहेत. तिसरा जूनमध्ये निवृत्त होतो आहे, पण तोही म्हणतो, तारीख लागली तर मी गावाहून येईन.