सहल आणि हिरकणी

रविवारी सकाळी मनात यावे आणि मुलाबाळांसह जवळपास कोठेतरी जाऊन यावे, हा आनंद केवळ मोटारवाल्यांचा असू नये. एसटीत ५ वर्षांखालील मुलास तिकीट नाही, १२ वर्षांपर्यंत अर्धे. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धेच. भाड्याची अडचण त्यामुळे पुष्कळ कमी झाली. बेत मोडतो तो वेगळ्याच प्रश्नांपाशी : तान्ह्याला पाजायचे कोठे आणि थोरल्याला लघवीला न्यायचे कोठे? स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ आले. परंतु त्यास कुलूप असेल, तर तो असून नसल्यासारखाच. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या कथेतील मातेचे नाव दाराला देणे सोपे. ते दार दिवसभर उघडे आणि आतली जागा स्वच्छ ठेवणे, हेच तिचे खरे स्मरण होय.